इनास, तू जिन्यात का थांबायचास

तुला जाऊन चौदा दिवस झाले, इनास. पहिले आठ दिवस मी भेटेल त्याला एकच वाक्य सांगत होतो, "अचानक झालं हो." त्या सोमवारी मला रजा होती. दहाच्या सुमारास तू जिन्यात भेटलास, दुकानाच्या किल्ल्या वाजवत खाली उतरलास, आणि साडेअकराला आचोळ्याहून तुझ्या दुकानाशेजारच्या शिंप्याचा फोन आला. मी पोचलो तेव्हा एका टीव्हीचं मागचं झाकण उघडं होतं, तुला बाकावर आडवं केलं होतं, आणि सोल्डरिंग आयर्न बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. टेबलाला जळून भोक पडलं होतं, रुपयाएवढं. तुझ्याकडे बघवेना म्हणून मी त्या भोकाकडेच बघत राहिलो.

आठव्या दिवशी तुझ्या फिलोमिनानं मला सांगितलं की अचानक काहीच नव्हतं. तेव्हापासून मी जेवतो, ऑफिसला जातो, सह्या करतो. पण डोकं त्या एका वाक्यापाशी अडकून बसलंय.

तुझं गाव, तुझं शिक्षण, तुझं वय हे फादरांनी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत सांगितलं. मला ते सांगायचं नाही. आपला एक वाद अर्धा राहिलाय. चार वर्षं चालला, जिन्यात चालला, आणि तू शेवटचा शब्द न बोलता निघून गेलास. मी सरकारी लेखापरीक्षक. अर्धा कागद मला मिटवता येत नाही.

वाद सुरू झाला तो रविवार आठवतो ना? भूकंपाला दोन आठवडे झाले होते. एका वाहिनीवर दिवसभर मदतनिधीचा कार्यक्रम होता. तू दुकानातला मोठा टीव्ही उचलून आणलास आणि खाली पार्किंगमध्ये दोन स्टुलांवर मांडलास, म्हणजे अख्ख्या बिल्डिंगला एकत्र बघता येईल. पडद्यावर नटनट्या ओळीनं फोन घेऊन बसलेल्या. खाली पट्टीवर देणाऱ्यांची नावं सरकत होती आणि कोपऱ्यात आकडा वाढत होता.

पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकू म्हणाल्या, "त्या हिरोला म्हणावं, अशा दिवशी तरी वरची दोन बटणं लाव."

"मग फोन कोण करणार?" जोशी म्हणाले.

मी विजेच्या बिलाच्या पाठीवर गणित मांडलं होतं. बारा फोन, एका फोनला तीन मिनिटं, म्हणजे तासाला दोनशे चाळीस नावं. पट्टीवर तर त्याच्या कितीतरी पट सरकत होती.

"आत अजून फोन असतील," तू म्हणालास.

"मग हे बारा कशाला?"

"हे बघायला."

"मीही तेच म्हणतोय," मी म्हणालो. "दिवे, सेट, जेवणावळी, याचा खर्च कोण सांगणार? आणि कबूल केलेला आकडा वेगळा, जमा झालेला वेगळा. द्यायचं तर गुपचूप द्यावं. या हाताचं त्या हाताला कळू नये."

तू उठलास. माझ्या घरी चढून गेलास, माझ्याच फोनवरून नंबर लावलास, स्वतःचं नाव आणि दुकानाचं नाव दोन-दोन वेळा सांगितलंस आणि खाली येऊन पट्टीकडे डोळे लावून बसलास. पाऊण तासानं नाव आलं. पार्किंगमध्ये टाळ्या झाल्या. तू उठून, छातीवर हात ठेवून, चारी बाजूंना वाकून नमस्कार केलास. मला राग आला होता, खरं सांगतो.

"हे दान केलंस की जाहिरात?"

"दोन्ही. एका पैशात दोन कामं. तुझ्यासारख्या हिशेबी माणसाला आवडायला पाहिजे, मधू."

त्यानंतर ती बाई दाखवली. घर पडलेली, डोक्यावर पदर घेतलेली. शेजारी एक नटी तिच्या खांद्यावर हात ठेवून रडत होती. बाई रडत नव्हती. तिनं सरळ कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं, घर सरकार बांधेल म्हणतात, मला शिवणयंत्र पाहिजे, पायाचं. एवढंच. पुढे जाहिराती लागल्या. तू मात्र टीव्हीकडे बघतच राहिलास. सगळे पांगल्यावर वायर गुंडाळताना म्हणालास, "बघितलंस? मागताना तिची मान खाली नव्हती."

"तिला यंत्र मिळालं का, हे उद्या कुणी दाखवणार आहे?"

"विचारतो," तू म्हणालास, आणि खरंच वाहिनीला पत्र लिहिलंस. मी अधूनमधून टोमणा मारायचो, "आलं का उत्तर?" तू म्हणायचास, "येईल." उत्तर आलं नाही. त्या मुद्द्यावर मी अजूनही हटलेलो नाही, हे इथं नोंदवून ठेवतो.

त्या रविवारनंतर मी ईर्ष्येनं आपलं पाकीट सुरू केलं. द्यावं कसं, ते तुला दाखवून द्यायचं होतं. सोळा घरांनी महिन्याच्या मेंटेनन्सबरोबर एक खाकी पाकीट बंद करून द्यायचं, वर नाव नाही, आत किती ते ज्याचं त्याला ठाऊक. रिकामं दिलं तरी चालेल. कुणाला द्यायचं ते तू आणि मी ठरवायचं आणि कुणालाही सांगायचं नाही. पोचवायचं काम तुझं, कारण तू टीव्हीवाला. तुला कुठल्याही घरात कधीही जाता येत होतं. स्क्रू ड्रायव्हर घेऊन जायचास, मागे काहीतरी खुडबुड करायचास आणि निघताना टीव्हीवरच्या विणलेल्या रुमालाखाली पाकीट सरकवून यायचास. मला ही पद्धत फार आवडली होती. कुठं ओरड नाही, कुठं नाव नाही.

नियम मी लिहिले. चौथा नियम असा होता: पाकिटाची जबाबदारी ज्या दोघांकडे, त्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी त्यातून कधीही काही घेऊ नये. उद्या कुणी बोट दाखवू नये, एवढाच हेतू होता. नोकरीभर मी तेच बघत आलोय, ज्याच्या हातात पेटी त्याच्याच खिशात किल्ली. तू सही करताना थांबलास.

"म्हणजे आम्ही आजारी पडायचंच नाही का रे?"

"नाही पडायचं," मी म्हणालो. आपण दोघंही हसलो. तुझी सुलभावहिनी चहा घेऊन आली आणि तू सही केलीस.

इनास, ते हसणं माझ्या कानातून जात नाही.

पाकीट चाललं. पहिल्या दोन वर्षांत पाच घरांत गेलं. मी खूश होतो. तू नव्हतास. एका संध्याकाळी आपण बरोबर चढत होतो आणि दुसऱ्या मजल्यावर तू कठड्याला टेकून थांबलास. त्या मजल्यावरच्या एका बाईंकडे तू आदल्या महिन्यात पाकीट ठेवून आला होतास.

"ती आता जिन्यात माझी नजर चुकवते," तू हळू आवाजात म्हणालास. "नुसती माझी नाही, सगळ्यांची. खालच्या नळावर कुणी असेल तर पाण्याला येत नाही."

"का? कुणाला माहीत नाही तिला दिलंय ते."

"तेच तर. कुणी दिलं ते कळलं असतं तर एका माणसाचे आभार मानून मोकळी झाली असती. आता कुणी दिलं ते माहीत नाही, म्हणजे सगळ्यांनीच दिलं. सोळा दारं तिच्याकडे बघतायत असं वाटतं तिला."

"हा तुझा अंदाज."

"तिच्या नवऱ्यानं सांगितलं. टीव्ही दुरुस्त करताना लोक बोलतात, मधू. तुझ्या ऑफिसात नाही बोलत."

मी म्हणालो की टीव्हीवर आणून बसवली असती तर तिला बरं वाटलं असतं का. तू म्हणालास, "तसं कुठं म्हणतोय मी?" आणि मग बराच वेळ काही न बोलता उभा राहिलास. मला वाटलं, निरुत्तर केलं.

चांदीपच्या शाळेला दिलेल्या टीव्हीवरूनही असंच झालं. तू जुना संच नीट करून दिलास आणि त्याच्या लाकडी खोक्यावर दुकानाचं नाव पांढऱ्या रंगात, टीव्हीपेक्षा मोठं वाटेल असं रंगवलंस. मी पहिल्या मजल्यावर तुझी खेचली. तू तिथंच थांबून म्हणालास, "ते नाव वाचून पलीकडच्या गावातले मास्तर दुकानात आले. आम्हालाही द्या म्हणाले. नाव नसतं तर कुणाकडे मागितलं असतं त्यांनी?" तिसऱ्या मजल्यावर पुन्हा थांबलास. "तुझ्या सगळ्या गणितात देणारे आहेत रे. किती दिलं, कसं दिलं, कुणी बघितलं. मागणारा कुठंच नाही. त्यानं काय करायचं?"

"काय करायचं?"

"थांब जरा," तू म्हणालास. कठडा धरून, जिन्याच्या खिडकीतून बाहेर बघत. मग म्हणालास, "वर जाऊन सांगतो." वर जाऊन तू दार उघडलंस आणि आत गेलास.

मला वाटायचं तुला वादाची हौस आहे. एव्हरशाईन वसाहतीतली आपली चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, चौथ्यावरच्या आपल्या समोरासमोरच्या दारांपर्यंत बहात्तर पायऱ्या. सुरुवातीला तू फक्त दुसऱ्या मजल्यावर थांबायचास. नंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या. या वर्षी प्रत्येक मजल्यावर. दरवेळी थांबलास की काहीतरी मुद्दा काढायचास, मला चिडवायचास, आणि मी तावातावानं बोलायला लागलो की तू नुसता ऐकायचास. मी बोलत असताना तू श्वास घेत होतास. मी माणसांच्या खोट्या बिलांवरून त्यांचं घर कुठं आहे ते सांगू शकतो, आणि चार वर्षं रोज तुझ्याबरोबर चढून मला हे दिसलं नाही.

आता आठव्या दिवसाचं सांगतो, म्हणजे तुला तुझ्या मागं काय झालं ते कळेल.

सातव्या दिवसाची मिस्सा झाली. दुसऱ्या दिवशी फिलोमिनानं मला कागद बघायला बोलावलं. दुकानाचा परवाना, रेशनकार्ड, बँक. वॉरंटी कार्डांच्या पिशवीत एक फाईल होती, वर हॉस्पिटलचं नाव. मी उघडली. तारीख दोन वर्षांपूर्वीची. हृदयाची एक झडप निकामी होत चाललीय, ऑपरेशन लवकर करावं, असं लिहिलेलं. खाली खर्चाचा अंदाज.

"भाऊ, ते कशाला बघताय?" ती म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे ना ते."

"काय माहीत आहे?"

ती माझ्याकडे बघायला लागली. "त्यांनी सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

"नाही."

फिलोमिना खुर्चीवर बसली. मग ती म्हणाली, "मी म्हटलं होतं, मधूभाऊंना विचारू. मला म्हणाले, मधूला सगळं माहीत आहे, तू विषय काढू नको. मग मला वाटलं, नियम आहे म्हणून तुम्ही गप्प आहात. दोन वर्षं मला तेच वाटत होतं."

दोन वर्षं म्हणजे दोन नाताळ. दोन्ही नाताळांना तिच्या घरून आमच्याकडे फराळाचं ताट आलं होतं, वर भरतकामाचा रुमाल टाकून. मी करंज्या खाल्ल्या. माझ्याविषयी असं वाटत असताना तिनं ते ताट भरलं होतं. आणि सगळ्यात वाईट हे, की असं वाटणं तिला शक्य झालं. मी तसा माणूस आहे असं तिला सहज पटलं.

हे तू वाईट केलंस, इनास. मेलेल्या माणसाला असं बोलू नये म्हणतात, पण आपण एकमेकांना कधी गोड बोललो नाही, आता कशाला. तिला माझं नाव सांगून गप्प केलंस आणि स्वतः माझ्या नियमाआड गप्प राहिलास. भावांकडेही गेला नाहीस, कारण मागितलं असतं तर वाडी विकायचा विषय निघाला असता, असं ती म्हणाली. टीव्हीवर मागणाऱ्या बाईचं चार वर्षं कौतुक केलंस आणि स्वतः समोरच्या दाराची बेल वाजवली नाहीस. आपल्या दोन दारांमध्ये पाच पावलं आहेत. मी मोजली.

त्या खर्चाच्या अंदाजाला मी सोळानं भागलं. मला तेवढंच येतं. घरटी एका साध्या रंगीत टीव्हीची किंमत निघाली. सगळ्यांनी तेवढे दिले असते असं मी म्हणत नाही. निम्मे मिळाले असते, उरलेल्याला हॉस्पिटलनं सवलत दिली असती, चर्चनं हात लावला असता. पण भागाकार करायला भाज्य समोर यावं लागतं. ते माझ्या समोर आलंच नाही, आणि न येण्याची व्यवस्था मीच स्वच्छ अक्षरात करून ठेवली होती.

मी सुलभाला विचारलं, त्यानं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? नियम मोडला असता का? ती खोटं बोलत नाही, तुला माहीत आहे. म्हणाली, "नियम नसता मोडलात. स्वतःचा फंड काढला असता आणि नियम तसाच ठेवला असता." मला जरा बरं वाटलं. मग ती म्हणाली, "पण भावजींना ते कसं कळणार होतं? त्यांनी तुमचा नियम वाचला होता, तुमचा फंड नाही."

काल रविवारी सोसायटीची सभा बोलावली. पार्किंगमध्ये, जिथं तू टीव्ही मांडला होतास तिथंच. मी वही नेली होती, सगळ्यांसमोर चौथा नियम खोडला आणि का खोडला ते सांगितलं. तुझ्या घरासाठी मदतीचं निवेदन मी लिहून नेलं होतं, ते वाचायला लागलो, तर फिलोमिना उठली. म्हणाली, "भाऊ, तुम्ही बसा. मी बोलते."

काळी साडी, हातात रुमाल. रुमालाला तिनं एकदाही हात लावला नाही.

"घरखर्चाला नको," ती म्हणाली. "माझ्या शिवणकामावर आणि मुलीच्या पगारावर घर चालतंय. दुकान बंद करायचं नाही मला. टीव्ही मला जमणार नाहीत, पण मिक्सर, इस्त्री, पंखे शिकले तर जमतील. शिकायला सहा महिने लागतील. त्या सहा महिन्यांचं दुकानाचं भाडं मला पाहिजे. पुढचं माझं मी बघेन." मग थांबून म्हणाली, "आणि ज्यांचे टीव्ही दुकानात तयार होऊन पडलेत त्यांनी पैसे देऊन घेऊन जावेत. तिघं इथंच बसलेत."

"एक आमचा आहे," जोशीकाकू म्हणाल्या. लोक हसले. तीही हसली, तेरा दिवसांनंतर असेल.

मग लोकांनी उठून आपापले आकडे सांगितले, मोठ्यानं. जाधवांनी शेजाऱ्याचा आकडा ऐकून स्वतःचा वाढवला. मला ते आवडलं नाही, आजही आवडत नाही. आणि चौथ्या मजल्यावरच्या एका पेन्शनर आजोबांनी मान खाली घालून छोटा आकडा सांगितला तेव्हा मला पार्किंगमधून उठून जावंसं वाटलं. पण जाधवांचा आकडा वाढला हेही खरं. तुझं म्हणणं तेच होतं आणि माझंही तेच होतं. एकाच माणसानं आपल्या दोघांना खरं ठरवलं. तू असतास तर डोळा मारला असतास.

शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या त्या बाई उठल्या, ज्या नजर चुकवायच्या. म्हणाल्या, "आमच्या टीव्हीवर एकदा पाकीट सापडलं होतं. कुणाला काही म्हणता आलं नाही मला तेव्हा. आज मला द्यायचंय. आणि माझं नाव लिहा." तिचं नाव मंगल. मी इतके दिवस ते कुठं उच्चारलं नव्हतं, तिची लाज राखतोय असं वाटून. काल तिनंच ते वहीत लिहून घेतलं आणि बरोबर लिहिलंय का म्हणून वाकून बघितलं.

पाकीट बंद केलं नाही, इनास. ज्याला नाव नको त्याला नको. पण नोटीस बोर्डावर आता एक कागद लावलाय, की मदत पाहिजे असेल त्यानं येऊन सांगावं, कुठल्याही वेळी, कुठल्याही कारणासाठी. खाली माझं नाव, मजला, दार. मोठ्या अक्षरात. तुझ्या त्या पांढऱ्या रंगाइतकं मोठं नाही जमलं.

सभा संपल्यावर मी वर निघालो. पहिल्या मजल्यावर थांबलो, दुसऱ्यावर थांबलो. तिसऱ्यावर कठडा धरून खिडकीतून बाहेर बघितलं. तू काय बघत होतास ते बघावं म्हणून. काही नाही रे, समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरचे अँटेना दिसतात. मला धाप लागली नव्हती. मागून फिलोमिना येत होती. ती माझ्याजवळून पुढं गेली, न थांबता, ताठ मानेनं, आणि दोन पायऱ्या वर जाऊन वळून म्हणाली, "काय झालं भाऊ, दम लागला?"

"नाही," मी म्हणालो.

"लागला तर सांगा हां," ती म्हणाली, आणि मी पुढची पायरी चढेपर्यंत तिथंच उभी राहिली.